कोपऱ्यातली फट अशी बुजवली
१:८७ मापाच्या (खऱ्याच्या ८७ पट लहान) प्लास्टिकच्या रेल्वे स्टेशनच्या मॉडेल किटमध्ये भिंती जोडल्या, की कोपऱ्यात उभी फट उठून दिसायची. आधी पुट्टी भरली. फट गेली, पण विटांच्या रेघाही बुजल्या, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं.

दोष कडांमध्ये होता. साच्यातून सुटावी म्हणून भिंतीची कड किंचित तिरकी असते. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून कडा घासल्या, भिंती गुण्याला (काटकोनाच्या पट्टीला) लावून प्लास्टिक विरघळवणारा पातळ गोंद आतून सोडला आणि मऊ प्लास्टिकची बारीक रेघ बाहेर येईपर्यंत दाबून धरलं. ही रेघ पुसायची नाही! दिवसभर वाळल्यावर ती ब्लेडने खरवडली, सुईने विटांचे सांधे पुन्हा कोरले. राखाडी प्रायमरनंतर एक केसभर फट उरली. तिथे पावसाच्या पाण्याचा पाइप चिकटवला.