मोरपंखी, अरोकेरिया लावताय? या चुका टाळा

"मोरपंखी अचानक वाळली हो, परवापर्यंत तर हिरवीगार होती!" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो. अचानक काही वाळत नाही. तुळशीला पाणी कमी पडलं की ती दुपारीच मान टाकते, आपल्याला लगेच कळतं. मोरपंखी, जुनिपर, गोल्डन सायप्रस या सूचिपर्णी झाडांचं तसं नाही, खाली मुळं मेली तरी वरचा पाला कितीतरी आठवडे हिरवाच राहतो, आणि तपकिरी दिसायला लागेपर्यंत हातात काही उरलेलं नसतं. त्यामुळे जे काय नीट करायचं ते लावायच्या दिवशीच.

सगळ्यात जास्त झाडं मरतात ती लाल मातीच्या हुंडीमुळे, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यामुळे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांमध्ये आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरून झाडं येतात, चिकट लाल मातीच्या गच्च हुंडीत. प्रवासात हुंडी फुटत नाही म्हणून ती माती सोयीची, पण एकदा का ती पूर्ण सुकली की पाणी आत घेतच नाही, बाजूने निघून जातं. पुण्यात एका सोसायटीने कंपाउंडच्या कडेने मोरपंखीची अख्खी रांग लावली होती, पिशवी फाडली की खड्ड्यात ठेव, एका दुपारीत काम खल्लास. उन्हाळ्यात एकेक झाड तपकिरी पडायला लागलं तसं माळीदादांनी पाणी डबल केलं. मी एक झाड उपटून बघितलं तर आळ्यात चिखल आणि हुंडी फोडली तर आत कोरडी ठणठणीत माती, मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, एकही मूळ बाहेरच्या काळ्या मातीत गेलेलं नव्हतं. म्हणजे बाहेर सडतंय आणि आत तहानेने मरतंय, दोन्ही एकाच वेळी.

माझी सवय सांगतो. पिशवी काढायच्या आधी हुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत. मग बाहेरचा थर खुरप्याने खरवडायचा, गोल फिरलेली मुळं मोकळी करायची किंवा कापायची. मधला गाभा मात्र फोडायचा नाही, या झाडांना मुळं पूर्ण उघडी पडलेली सोसत नाहीत. याला वेळ लागतो आणि ज्यांना संध्याकाळपर्यंत फोटो टाकायचा असतो त्यांना तो नको असतो. मग दोन वर्षांनी तीच झाडं परत विकत घ्या.

खड्डा खोल नको, रुंद हवा. काळ्या मातीत तर हुंडीचा वरचा भाग जमिनीच्या दोनेक इंच वरच ठेवा. खोडाला माती लावून आळं वाटीसारखं करायची पद्धत आहे ना, ती इथे चालत नाही, पावसाळ्यात खोडाशी पाणी साचून बुंधा कुजतो.

आता छाटणी. मोरपंखी आणि जुनिपर आतून वाळके दिसतात, ते नॉर्मल आहे, उजेड न मिळालेला जुना पाला गळतो. पण कुणीतरी "बोडकी करा, नवीन फुटेल" सांगतं आणि लोक तपकिरी लाकडापर्यंत कापतात. फुटत नाही हो! जास्वंद नाही ती. हिरव्या भागातच, थोडं थोडं कापायचं.

अरोकेरिया, म्हणजे नर्सरीवाले ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात ते, त्याचा शेंडा कधीच छाटू नका, शेंडा गेला की तो मजल्यामजल्याचा आकार गेला. मूळ नॉरफोक बेटावरचं झाड आहे, तिथे 50 मीटरपर्यंत जातं, तेव्हा बाल्कनीखाली किंवा विजेच्या तारांखाली लावून नंतर करवत आणायची वेळ येऊ देऊ नका. फांदीपासून केलेलं रोप तर घेऊच नका, ते वर न जाता आडवंच वाढत राहतं.

मनालीहून देवदार आणू नका, पुण्याच्या उन्हाळ्यात त्याचे हाल होतात.

एप्रिल-मेमध्ये पाला धुळकट, फिकट दिसला तर एक पांढरा कागद खाली धरून फांदी झटका. कागदावर चालणारे ठिपके दिसले तर लाल कोळी (पाल्याचा रस शोषणारी बारीक कीड) आहे, औषधाच्या दुकानात पळायच्या आधी सकाळी पाइपने आतल्या बाजूपर्यंत जोरात धुऊन काढा, दोन-तीन दिवसांनी परत तेच, आणि परत कागद धरून बघा.