१/३५ टँक मॉडेल कसं जोडायचं, रंगवायचं आणि मुख्य म्हणजे मळवायचं कसं

टँकचं मॉडेल बनवताना बरेच जण बेस कोटपर्यंत, म्हणजे मूळ रंगाच्या थरापर्यंत, मस्त येतात आणि वेदरिंगला, म्हणजे गाडी मळकी-जुनी दाखवायला, बसले की हात आवरत नाही, सगळीकडे गंज, सगळीकडे चिखल, प्रत्येक कडेला रंगाचे पोपडे. माझं म्हणणं एवढंच आहे की मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला कारण पाहिजे, आणि त्या कारणाला माप पाहिजे. १/३५ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर ३५ मिमी, म्हणजे तुम्ही ब्रशने २ मिमीचा पोपडा काढलात तर खऱ्या टँकवर तो ७ सेंमीचा झाला. हे डोक्यात ठेवलं ना की अर्ध्या चुका होतच नाहीत.

पहिलं मॉडेल असेल तर दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत टी-३४ किंवा अमेरिकन शर्मन घ्या, आकार साधे, आणि खऱ्या गाड्यांचे फोटो भरपूर मिळतात. फोटो आधी शोधा आणि एकच गाडी, एकच काळ ठरवा, कारण त्यावर रंगच बदलतो. जर्मन गाड्या १९४३च्या सुरुवातीपर्यंत गडद राखाडी असायच्या, फेब्रुवारी १९४३ पासून गडद पिवळा बेस आला आणि त्यावर हिरवा नि लालसर तपकिरी रंग बऱ्याचदा क्रूच मारायचे, म्हणून दोन गाड्यांचा पॅटर्न सारखा दिसत नाही. शर्मनला ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे मळकट हिरवा-तपकिरी, तेवढंच सोपं.

जोडणी. स्प्रू, म्हणजे पार्ट ज्यात जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, आधी कोमट पाण्यात थोडं लिक्विड सोप घालून धुवा, मोल्डचं तेलकटपण राहिलं तर रंग नीट धरत नाही. पार्ट साइड कटरने कापताना पार्टला चिकटून कापू नका, थोडं प्लास्टिक शिल्लक ठेवून कापा आणि मग ब्लेड आणि सँडपेपरने सपाट करा. पातळ लिक्विड सिमेंट वापरत असाल तर दोन भाग आधी एकमेकांवर धरा आणि मग फटीला ब्रश टेकवा, ते स्वतःच आत ओढलं जातं. टी-३४चा टरेट, म्हणजे तोफेचा फिरता बुरूज, बहुतेक वेळा ओतीव असायचा, त्याचा खडबडीतपणा किटमध्ये कमी वाटला तर त्याच सिमेंटमध्ये पुट्टी पातळ करून जुन्या राठ ब्रशने ठिपक्या ठिपक्यांनी थापा, वाळल्यावर हलका सँडपेपर मारा, एवढ्यानेच टरेट जड लोखंडाचा वाटायला लागतो.

चाकांचे सस्पेन्शन आर्म चिकटवताना ग्लू ओला असतानाच गाडी सपाट काचेवर ठेवून सगळी चाकं टेकतायत का बघा, एक चाक जरी हवेत राहिलं तरी तीस टनी गाडीचा सगळा भार खोटा वाटतो. ट्रॅकचं पण तसंच. टी-३४ला वरचे रिटर्न रोलर, म्हणजे ट्रॅकची वरची बाजू उचलून धरणारी छोटी चाकं, नाहीत, त्यामुळे ट्रॅक वरून सैल होऊन चाकांवर टेकायला पाहिजे, शर्मनला रोलर आहेत म्हणून तिथे ट्रॅक बराच ताठ. लिंक जोडून केलेला ट्रॅक ग्लू अर्धवट वाळलेला असताना चाकांभोवती गुंडाळला की झोळ आपोआप बसतो, पण चिकटवू नका, रंगवायला परत काढायचा आहे.

प्रायमर मारा आणि मग उजेडात फिरवून बघा, सीम आणि फटी तेव्हाच दिसतात. बेस कोट एअरब्रशने मारायचा तर पेंट दुधाइतका पातळ करा, प्रेशर १५ ते २० पीएसआय, आणि एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर. बाटलीतला रंग खऱ्या गाडीच्या रंगाशी तंतोतंत जुळत असला तरी छोट्या मॉडेलवर तो काळपट दिसतो, म्हणून त्यात थोडा फिकट रंग मिसळा, आणि वरच्या आडव्या भागांवर, म्हणजे टरेटचं छत, इंजिन डेक, अजून थोडा फिकट. एअरब्रश नसेल तर सपाट मऊ ब्रशने पण होतं, वेळ जास्त लागतो एवढंच. काहीही स्प्रे करताना खिडकी उघडी आणि तोंडाला ऑरगॅनिक व्हेपरचं फिल्टर असलेला मास्क, साधा कापडी मास्क वासाला अडवत नाही.

डिकलच्या, म्हणजे पाण्याने चिकटणाऱ्या खुणा-आकड्यांच्या स्टिकरच्या, आधी त्या जागी ग्लॉस कोट पाहिजेच. मॅट पृष्ठभाग खरखरीत असतो, डिकलखाली हवा अडकते आणि ती चंदेरी चमकते, मग कितीही वॉश मारा ते झाकत नाही.

आता वेदरिंग, आणि इथे घाई नको. खाली ॲक्रिलिक आणि वर इनॅमल किंवा ऑइल, हा क्रम पाळा, कारण नीट वाळलेल्या ॲक्रिलिकला व्हाइट स्पिरिट सहसा उचलत नाही. एक दिवस थांबा. मग गडद तपकिरी इनॅमल वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, बारीक ब्रशने फक्त बोल्टच्या भोवती आणि पॅनेलच्या रेषांत सोडा, पूर्ण गाडीवर फासू नका. पंधरावीस मिनिटांनी जेमतेम ओल्या ब्रशने जास्तीचा काढा, उभ्या बाजूंवर वरून खाली, कारण पाऊस पण तसाच ओघळतो.

चिपिंग, म्हणजे रंगाचे उडालेले पोपडे, करताना स्वतःला विचारा, क्रू चढतात कुठून? पाय फेंडरवर पडतो, हात हॅचच्या कडेला, टूलबॉक्सची झाकणं उघडबंद होतात. पोपडे तिथेच. स्पंजचा छोटा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून टिश्यूवर जवळजवळ कोरडा करून टेकवा. अंगावर चंदेरी रंग अजिबात नको, उघडं पडलेलं चिलखत पटकन काळपट तपकिरी होतं. चकाकी फक्त जिथे सतत घासतं तिथे, म्हणजे स्टील ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग आणि ड्राइव्ह स्प्रॉकेटचे दात, तिथे मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट बोटाने घासा. शर्मनला रबरी पॅडचे ट्रॅक असतील तर पॅडवर गंज दाखवू नका, रबराला कसला गंज!

आता मॅट वार्निश मारा आणि धूळ-चिखल त्यानंतर, कारण वार्निशखाली पिगमेंटचा, म्हणजे धूळ-चिखल दाखवायच्या रंगीत पावडरीचा, रंग गडद होऊन मरतो. पिगमेंट कोरडंच ब्रशने चाकांवर आणि हलच्या, म्हणजे गाडीच्या मुख्य अंगाच्या, खालच्या भागावर ठेवा आणि बाजूने फिक्सरचा, म्हणजे पावडर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, थेंब सोडा, तो स्वतः पसरतो. वर चढत जाल तसं कमी कमी. दोन वेगळ्या शेड घ्या, जुना वाळलेला चिखल फिकट, ताजा गडद, आणि ताजा फक्त चाकांच्या जवळ.

अँटेना सगळ्यात शेवटी लावा, मेणबत्तीवर स्प्रू गरम करून ओढला की केसासारखी बारीक तार निघते, आधी लावलीत तर हाताळताना मोडणारच.