सराव पेपर सोडवताना स्वतःचं रेकॉर्डिंग कसं करावं

एमपीएससीच्या (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या) गट-ब संयुक्त पूर्व परीक्षेला दोनदा थोडक्यात राहिलो. दोन्ही वेळा घरी एकच सांगितलं: वेळ पुरला नाही. हा वेळ जातो कुठे, हे कळलं ते कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर, पार्टनरनं सराव पेपरच्या वेळी समोर मोबाईल लावून ठेवला तेव्हा. 60 मिनिटांपैकी साडेआठ मिनिटं मी नुसते उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवत होतो!

उत्तरतालिका काय चुकलं ते सांगते, कसं चुकलं ते नाही. तालमीत वस्ताद हौद्याबाहेर उभा राहून बघतो तो उगाच नाही. लढणाऱ्याला स्वतःचा पाय कुठं पडतोय ते दिसत नसतं.

आधी पेपर. आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, त्यातली न सोडवलेली एक प्रिंट करून घ्या. सोबत ओएमआर, म्हणजे गोल रंगवायच्या, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि काळं बॉलपेन. पेन्सिलीनं सराव करू नका, खोडायची सवय लागते. पेपर खोलीवरच सोडवा. अभ्यासिकेत मोबाईल लावला की शेजारचे चार जण फ्रेममध्ये येतात, आणि ते त्यांना आवडत नाही.

मोबाईल कसा ठेवायचा यावर माझे दोन रविवार वाया गेले. स्टँड लागत नाही. मेसचे दोन डबे एकावर एक, त्याला टेकून मोबाईल, एवढं पुरतं. उजव्या हातानं लिहीत असाल तर तो डाव्या बाजूला, थोडा पुढे आणि उंचावर ठेवा. नाहीतर तासभर स्वतःच्या मनगटाचंच शूटिंग होतं. फ्रेममध्ये प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका, हात आणि टेबलावरचं घड्याळ आलं पाहिजे. चेहरा नाही आला तरी चालेल, उलट नसलेलाच बरा. ट्यूबलाईटची चमक कागदावर पडतेय का, हे अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून तपासा. व्हिडिओचा दर्जा 720पी वर ठेवा. तरीही तासाभराची फाईल दोन-चार जीबी होऊ शकते, तेव्हा जागा आधीच मोकळी करा. चार्जर लावा आणि विमान मोड चालू करा, नाहीतर नेमका चाळिसाव्या मिनिटाला आईचा फोन येतो.

आता पेपर सोडवा, नेहमीसारखाच. फक्त दर दहा प्रश्नांनी मोठ्यानं म्हणा, ‘वीस झाले’, ‘तीस झाले’. नंतर व्हिडिओत नेमकी जागा शोधायला हे आवाज उपयोगी पडतात. प्रत्येक प्रश्नाचा विचार मात्र बोलून दाखवू नका, त्यानं वेग पडतो आणि वेळेचा हिशेब खोटा ठरतो. बुद्धिमत्तेच्या प्रश्नांसाठी ते करायचं असेल तर वेगळ्या दिवशी, पंधराच प्रश्न घेऊन, घड्याळ न लावता करा. आणि पहिलं रेकॉर्डिंग फार मनावर घेऊ नका. कॅमेऱ्यासमोर सगळेच थोडे शहाण्यासारखे वागतात.

बघायचं दुसऱ्या दिवशी. आधी उत्तरतालिकेवरून गुण काढा. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, तोही धरा. मग व्हिडिओ दुप्पट वेगानं लावा आणि वहीत तीन रकाने आखा: प्रश्न क्रमांक, लागलेला वेळ, हातानं काय केलं. तिसरा रकाना महत्त्वाचा. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘43. 2 मि. 10 से. “चुकीचे विधान कोणते” यातल्या “चुकीचे”खाली रेघ मारली. तरी बरोबर विधानालाच टिक.’ दुसरी: ‘61. आधी 2 वर टिक. घड्याळ बघितलं. खोडून 3.’ पर्याय 2 हाच बरोबर होता. मधल्या वेळात मी प्रश्न पुन्हा वाचलासुद्धा नव्हता, नुसती घाई झाली होती. हे उत्तरपत्रिकेवरून कधीच कळलं नसतं, तिथं फक्त चुकलेला तीन दिसतो.

पुढच्या पेपरला यातली एकच गोष्ट बदला. 100 प्रश्नांना 60 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. एका प्रश्नावर मिनिट उलटलं की बाजूला खूण करून पुढं जायचं, हे मी आधी धरलं. ते अंगवळणी पडायला तीन पेपर लागले. मग गोलांकडे वळलो. एका गोलाला पाच सेकंद धरले तरी शंभर गोलांना आठ मिनिटांवर जातात. आता पानावरचे सगळे प्रश्न सोडवून एकदम रंगवतो, पेन एकदाच तिकडं जातं. यात धोका आहे: मधला प्रश्न सोडलेला असेल तर पुढचे सगळे गोल एकानं सरकतात. म्हणून रंगवताना क्रमांक ओठात म्हणायचा. शेवटची दहा मिनिटं मात्र एकेक सोडवून लगेच रंगवा, पान अर्धवट राहिलं तर सोडवलेलंही वाया जातं.

दर रविवारी पेपर सोडवा, पण रेकॉर्डिंग एकाआड एक रविवारी पुरे. बघायलाच अर्धा-पाऊण तास जातो, आणि तो अभ्यासातलाच असतो. नोंदी वहीत उतरल्या की व्हिडिओ पुसून टाका. पुढच्या पेपरला ती जागा लागणारच आहे.