लिंबूवर्गीय झाडांवरचा कोळी: आधी भिंग, मग पंप

लिंबू-संत्र्याची फळे तपकिरी, खरबरीत दिसू लागली की फवारणीचा पंप पाठीवर घेतला जातो. तोवर उशीर झालेला असतो. इथला कोळी म्हणजे माइट, रस शोषणारी अगदी बारीक कीड. त्याने करपवलेली साल पुन्हा गुळगुळीत होत नाही, औषध कितीही भारी असो. खरे काम डाग पडण्याआधीचे आहे, आणि त्याला १० ते २० पट मोठे दाखवणारे भिंग लागते.

१. पाने पाहा

झाडाच्या चारही बाजूंची पाने तपासा. लाल कोळ्याने रस शोषला की हिरव्या पानावर बारीक, फिकट ठिपके पडतात. पुढे पान राखाडी, चंदेरी दिसू लागते. अन्नद्रव्याची कमतरता समजून इथेच गल्लत होते. कमतरतेचा पिवळेपणा बहुतेक वेळा शिरा धरून चालतो, कोळ्याचे ठिपके मात्र कुठेही विखुरलेले असतात.

२. पांढऱ्या कागदावर झटका

फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर तीन-चार टपल्या मारा. आधी नुसता कचरा दिसेल. कागद न हलवता अर्धा मिनिट थांबा, त्याच कचऱ्यातले काही ठिपके चालू लागतात. भिंगाखाली गोलसर लाल पाठ आणि तिच्यावर उभे केस दिसले, तर तो लाल कोळी. त्यांच्यातूनच एखादा चकचकीत, फिकट, नासपतीच्या आकाराचा जीव सुसाट पळाला, तर तो बहुधा परभक्षी कोळी, याच किडीवर जगणारा. त्याला जपा. असे पळणारे बरेच दिसले आणि ठिपके थोडे असले, तर मी फवारणी आठवडाभर पुढे ढकलेन.

३. हिरवी फळे पाहा

फळांवर तांबूस-तपकिरी डाग पाडणारा रस्ट माइट वेगळा. काही बागायतदार या डागाला लाल्या किंवा मंगू म्हणतात. हा कोळी जेमतेम ०.१५ मिलिमीटर लांब, पिवळसर, गाजरासारखा निमुळता आणि चारच पायांचा. कागदावर तो ओळखू येत नाही, भिंग थेट फळावरच धरावे लागते. थेट उन्हाची जागा तो टाळतो, म्हणून ऊन आणि सावली जिथे मिळतात तो भाग पाहा. संख्या फार वाढली की सालीवर धूळ बसल्यासारखी दिसते. देठाभोवती कड्यासारखा खरबरीत व्रण असेल, तर मात्र संशय फुलकिड्यांवर घ्या.

४. पाणी आणि धूळ

धुळीने माखलेल्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या झाडावर लाल कोळी जोर धरतो. पाणी वेळेवर द्या, जवळच्या वाटेवरची धूळ बसेल असे पाहा. मोजकीच झाडे असतील तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने दोन्ही बाजूंनी धुवा.

५. फवारणी लागलीच तर

कोळी हा कीटक नव्हे, तो विंचू-गोचिडीच्या अष्टपाद वर्गातला (चार पायांचा रस्ट माइट हा त्यातला अपवाद). त्यामुळे अनेक कीटकनाशकांना तो दाद देत नाही. मरतात ते त्याला खाणारे मित्रजीव. पायरेथ्रॉइड गटातल्या कीटकनाशकांनंतर कोळी उलट उसळतो, ही चूक फार महागात पडते.

थोडा प्रादुर्भाव असेल तर फळझाडांसाठीचे फवारणीचे तेल वापरा. तेल अंगाला लागले तरच कोळी गुदमरून मरतो, म्हणून पानांची खालची बाजू आणि झाडाचा आतला घेर नीट भिजला पाहिजे. रस्ट माइटवर पाण्यात मिसळणारे गंधक चांगले चालते. तापमान ३२ अंशांच्या वर असताना किंवा झाड तहानलेले असताना दोन्ही टाळा, पाने-फळे भाजतात. तेल आणि गंधक एकत्र करू नका. दोहोंमध्ये तीन-चार आठवडे जाऊ द्या.

एवढ्याने भागले नाही तर लिंबूवर्गीय पिकासाठी शिफारस असलेले कोळीनाशक घ्या. प्रमाण आणि शेवटची फवारणी ते काढणी यांतले किमान दिवस लेबलवर वाचूनच ठरवा. उबदार हवेत कोळ्याची पिढी दोन आठवड्यांच्या आत पुरी होते, त्यामुळे एकच औषध वारंवार मारले की तो त्याला लवकर सरावतो. पुढच्या वेळी औषधाचा गट बदला.

६. आठवड्याने पुन्हा कागद

फवारणीनंतर सात दिवसांनी त्याच झाडांवर तीच झटका-चाचणी करा. हिशेब चालणाऱ्या ठिपक्यांचा आणि नव्या नवतीचा (कोवळ्या पालवीचा) धरा. जुन्या पानांवरचे फिकट ठिपके तसेच राहणार आहेत, त्यांच्याकडे पाहून पुन्हा पंप उचलू नका.