जात पडताळणीचा अर्ज अकरावीतच टाका

सीईटीचा निकाल लागतो, मार्क चांगले असतात, पण जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून खरा ठरवल्याचा कागद, हातात नसल्याने राखीव जागा निसटते. घरातून पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या मुलांवर ही वेळ जास्त येते, कारण आधी सांगणारं कुणी नसतं. म्हणून विज्ञान शाखेत अकरावीला प्रवेश मिळाला की लगेच कामाला लागा.

१. कॉलेजकडून प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र घ्या.

२. वडील, काका, आत्या किंवा चुलतभाऊ यांपैकी कुणाची वैधता झाली असेल, तर त्याची प्रत आधी मिळवा. निम्मं काम तिथेच होतं.

३. नसेल, तर आजोबांच्या शाळेतून प्रवेश-निर्गम उतारा, म्हणजे शाळेत दाखल झाल्याची आणि सोडल्याची जातीसह नोंद, काढा. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद लागते. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल मागा. गावाचं नाव आणि जन्माचं अंदाजे साल सांगितलं तर शोधणाऱ्यालाही सोपं जातं.

जुन्या नोंदीत नाव थोडं वेगळं असेल, तर शपथपत्र जोडा. मूळ दाखल्यावर खाडाखोड मात्र कुणालाही करू देऊ नका, पूर्ण प्रकरण अडकतं.