‘शकतो’ म्हणजे दरवेळी ‘कॅन’ नव्हे: इंग्रजी मोडल क्रियापदांतल्या या चुका टाळा

मराठीतलं ‘शकणे’ फार कामसू आहे. कुवत, परवानगी, शक्यता, सगळं एकटंच ओढतं. इंग्रजीत हीच कामं कॅन, कुड, मे, माइट ही मोडल (म्हणजे मुख्य क्रियापदाला जोडून येणारी मदतनीस) क्रियापदं आणि एबल टू यांच्यात वाटलेली आहेत आणि आपली गल्लत बहुतेक वेळा या वाटणीतच होते.

‘आज पाऊस पडू शकतो’ याचं ‘इट कॅन रेन टुडे’ करू नका. कॅन एरवी काय होत असतं ते सांगतो. ‘महाबळेश्वरला जुलैत आठवडाभर सलग पाऊस पडू शकतो’, इथे कॅन बरोबर. आजच्या अंदाजाला मे, माइट किंवा कुड. नकारात तर अर्थच पालटतो: ‘ही मे नॉट बी ॲट होम’ म्हणजे कदाचित घरी नसेल, ‘ही कान्ट बी ॲट होम’ म्हणजे घरी असणं शक्यच नाही.

भूतकाळात वेगळाच खड्डा. ‘रांग मोठी होती, तरी तिकीट मिळवू शकलो’ यासाठी ‘आय कुड गेट अ टिकिट’ लिहिलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, हा तिकीट काढायचा विचार करतोय. एकदा घडलेल्या यशाला वॉज एबल टू किंवा मॅनेज्ड टू. जमलं नसेल तर मात्र कुडन्ट बिनधास्त वापरा. पाहणं-ऐकणं यांनाही सवलत आहे: ‘आय कुड हिअर द ट्रेन’ अगदी बरोबर. आणि ‘येऊ शकेन’ला ‘विल कॅन’ कधीच नाही, ‘विल बी एबल टू कम’.

सगळ्यात महागात पडतो तो नकार. ‘गोळी जेवणाबरोबरच घ्यायला हवी असं नाही’ आणि ‘गोळी जेवणाबरोबर घेऊ नका’ यांतला फरक मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. पण हेच इंग्रजीत सांगताना दोन्हींसाठी ‘मस्ट नॉट’ येतो. पहिल्याला ‘यू डोन्ट हॅव टू टेक इट विथ फूड’, कारण तिथे फक्त सक्ती नाही. दुसऱ्याला ‘यू मस्ट नॉट’, कारण तिथे मनाई आहे. हॅव टू आणि मस्ट होकारात सख्खे भाऊ वाटतात, नकारात मात्र एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

झालेल्या गोष्टीबद्दल लिहिताना मराठी वाक्याचं शेपूट बघा. ‘जावं लागलं’ असेल तर हॅड टू गो, ‘गेला असणार’ला मस्ट हॅव गॉन, ‘जायला हवं होतं’ला शुड हॅव गॉन. हॅवनंतर क्रियापदाचं तिसरं रूप. ‘मस्ट हॅव वेन्ट’ चुकीचं.

ऑफिसच्या मेलमध्ये नम्र वाटावं म्हणून ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ऑन मंडे’ लिहायची आपल्याकडे सवयच पडली आहे. वाचणारा ‘पण कुठल्या अटीवर?’ म्हणून पुढे बघत राहतो. ठरलेल्या गोष्टीला विल. वुड विनंतीसाठी राखून ठेवा, ‘वुड यू सेंड द फाइल?’

साहेबांना सल्ला देताना ‘हॅड बेटर’ तर नकोच. ‘यू हॅड बेटर साइन टुडे’ याचा सूर ‘आज सही करा, नाहीतर बघा’ असा लागतो. तिथे ‘यू माइट वॉन्ट टू साइन टुडे’ पुरतं.