सेकंड लाइफमध्ये कॅमेरा हाताळायचा कसा: आधी खुंटी ठोका

सेकंड लाइफ या इंटरनेटवरच्या त्रिमितीय आभासी जगातला नवखा माणूस कपड्यांवरून ओळखू येत नाही, चालण्यावरून येतो. दुकानातल्या भिंतीवरची पाटी वाचायला तो अवताराला, म्हणजे पडद्यावरच्या आपल्या बाहुल्याला, घेऊन निघतो, भिंतीवर आपटतो, मागे येतो, वळतो, पुन्हा आपटतो. तोवर मुरलेला माणूस दारातच उभा राहून नुसता कॅमेरा, म्हणजे पडद्यावरची आपली नजर, आत पाठवून वरच्या मजल्यावरचा माल बघून मोकळा झालेला असतो. हे जग २००३ पासून चालू आहे आणि नवख्याला अजूनही तोच सल्ला मिळतो: ‘आल्ट दाबून माउस फिरव, येईल आपोआप.’ नाही येत. मला कित्येक आठवडे आलं नव्हतं, कारण त्यातली मुख्य गोष्ट सांगायचं कुणाला सुचतच नाही.

कळांचं काम आधी उरकू. आल्ट धरा, माउसचं डावं बटण दाबा आणि ओढा. पुढे-मागे ओढलं की जवळ-लांब, आडवं ओढलं की प्रदक्षिणा. सोबत कंट्रोल धरलं की वरून-खालूनही फिरता येतं. आल्ट, कंट्रोल आणि शिफ्ट तिन्ही धरली की कॅमेरा न वळता नुसता सरकतो. मॅकवर आल्टच्या जागी ऑप्शन. माउस नको असेल तर याच कळांच्या जोडीला बाणांच्या कळा चालतात. लिनक्सवर आल्ट धरून ओढल्यावर अख्खी खिडकीच हलायला लागली, तर ती जोडी डेस्कटॉपने स्वतःकडे घेतलेली आहे. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बदला. सगळंच बिनसलं तर एस्केप दाबा, कॅमेरा अवताराच्या पाठीमागे परत येतो.

आता खुंटी. आल्ट धरून ज्या जागी क्लिक कराल तिथे कॅमेऱ्याची खुंटी ठोकली जाते. ती जागा पडद्याच्या मधोमध येते आणि पुढचं सगळं, फिरणं असो की जवळ जाणं, त्या खुंटीच्या दाव्यावर चालतं. कॅमेरा आपल्या अवताराभोवती फिरतो असंच मी धरून चालले होते. एकदा एका बागेतल्या पुतळ्याचा फोटो घ्यायला गेले. पुतळ्यापुढे जाळीदार कठडा होता. क्लिक पुतळ्यावर केलं असं मला वाटलं, पण ते पुतळ्याच्या कोपरातल्या फटीतून निसटून मागच्या टेकडीवर पडलं. मी जरासं फिरवलं मात्र, आणि कॅमेरा गरकन लांबवर फेकला गेला. पुतळा कुठल्या कुठे. अर्धा तास मी माउसला दोष देत होते.

म्हणून ओढायच्या आधी एक क्षण थांबा आणि बघा: जे हवं ते मधोमध आलं का? नसेल तर ओढूच नका, पुन्हा क्लिक करा. बारीक फांदी, साखळी, कठडा यांवर नेम धरू नका. शेजारची जाड, ठोस वस्तू पकडा. आकाशावर क्लिक करून काहीच होत नाही. तिथे खुंटी ठोकायला जमीनच नसते, आणि कॅमेरा जुन्याच खुंटीभोवती फिरत राहतो. ‘कॅमेरा अडकला’ म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं हेच.

उरलेल्या निम्म्यांचं दुखणं दुसरं. ते जवळ जात राहतात आणि एका जागी कॅमेरा हटून बसतो. तो हटून बसलेला नसतो, खुंटीपाशी पोचलेला असतो. पुढे जायचं तर खुंटी पुढे ठोकायला हवी. दाराच्या चौकटीवर क्लिक, जवळ जा. तिथून आतली भिंत दिसते, तिच्यावर क्लिक, पुन्हा जवळ. मग जिन्याची वरची पायरी. अशा तीन-चार उड्यांत अवताराचं पाऊलही न हलवता अख्खं घर पाहून होतं. मध्ये आल्ट सोडलं तरी कॅमेरा असतो तिथेच राहतो. बाणाच्या कळेने अवताराला चालवलंत की मात्र तो मुकाट्याने तुमच्या पाठीमागे येऊन उभा राहतो.

सरकवण्याबद्दल माझा नियम कडक आहे: ते सगळ्यात शेवटी. कॅमेरा सरकवला की खुंटीही सोबत सरकते आणि मोकळ्या हवेत लटकते. मग फिरवायला गेलात की चेहरा कडेला निसटतो. फोटोसाठी आधी डोळ्यांवर क्लिक करा, अंतर आणि कोन जमवा, आणि मग चेहरा चौकटीत थोडा डावी-उजवीकडे बसवण्यापुरतंच सरकवा. त्यानंतर कोन बदलावासा वाटला तर पुन्हा डोळ्यांवर क्लिक. आळस केलात तर भोगाल.

सेटिंगमधलं थोडं. वस्तू एडिट करताना कॅमेरा आपोआप हलवणारी खूण काढून टाका. जमवलेला कोन ती हटकून मोडते. अवतारापासून एका मर्यादेपलीकडे कॅमेरा जात नसेल तर ॲडव्हान्स्ड मेन्यूत ती मर्यादा काढता येते. सुरुवातीचा कॅमेरा डोक्यामागे बराच उंच असतो. तो खाली आणून प्रिसेट म्हणून, म्हणजे पुन्हा वापरता येईल अशी मांडणी म्हणून, साठवा, खोल्या लगेच माणसांच्या मापाच्या वाटायला लागतात. अवताराच्या डोळ्यांतून बघायचं असेल तर एमची कळ. त्रिमिती माउसचं, म्हणजे सगळ्या दिशांना ढकलता-वळवता येणाऱ्या खास माउसचं, कौतुक खूप होतं, पण व्हिडिओ करणार नसाल तर त्यावर पैसे घालवू नका.

आवाज अवताराच्या जागेवरून ऐकायचे की कॅमेऱ्याच्या, हेही सेटिंगमध्ये ठरवता येतं. बोलण्याचं मात्र तसं नाही. तुम्ही टाइप केलेलं अवतारापासून २० मीटरच्या आत सगळ्यांना दिसतं, कॅमेरा कुठेही असो. एका समारंभात माझा कॅमेरा पार पलीकडच्या कोपऱ्यातली सजावट न्याहाळत होता. आजूबाजूला कुणीच दिसेना, म्हणून ‘केवढं भडक केलंय हे’ असं मी मैत्रिणीला बिनधास्त लिहिलं. एस्केप दाबल्यावर लक्षात आलं, माझा अवतार इतका वेळ यजमानांच्या शेजारीच उभा होता.